ऑपरेशन करून यायचं आणि ऑफिसात पत्ता लागू द्यायचा नाही, तर काय काय पाहावं लागते

पहिले एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. खेड्यातल्या शाळेत, पंचायत समितीत नाहीतर पतसंस्थेत काम करणारा माणूस पंधरा दिवस दिसला नाही तर ते लपत नसते, शिपायापासून समोरच्या टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या ध्यानात येते की साहेब दिसून नाही राहिले. म्हणून "मी आजारी नव्हतोच" हे सिद्ध करायच्या मागं लागू नका. लपवायचं फक्त एवढंच, की ऑपरेशन कशाचं होतं. मूळव्याध, भगंदर, हायड्रोसिल, गर्भाची पिशवी, छातीतली गाठ, नसबंदी, जे असेल ते. बाकी "तब्येत बरी नव्हती, डॉक्टरनं आराम सांगितला होता" एवढं कळलं तर कळू द्या, तेवढ्यावर निम्मे लोक तिथंच थांबतात.

मी तालुक्याच्या एका ऑफिसात आस्थापनेच्या टेबलावर बसतो. रजेचे अर्ज, सर्टिफिकेटं, बिलं सगळं माझ्याच समोरून जाते, त्यामुळं बात कुठून फुटते ते जवळून दिसते. माझंही एक ऑपरेशन झालेलं आहे, कोणतं ते इथंही सांगणार नाही. आणि "यात लाजायचं काय" असं भाषण मला द्यायचं नाही, कारण हायड्रोसिल झालेल्या माणसाला रिटायर होईपर्यंत त्यावरून चिडवणारे आपल्याच ऑफिसात असतात आणि पिशवी काढलेल्या मॅडमच्या मागं काय बोलतात तेही मी ऐकलेलं आहे. ज्याला सांगायचं त्यानं खुशाल सांगावं, ज्याला नाही सांगायचं त्याच्यासाठी हे लिहून राहिलो.

बहुतेकांना वाटते की बात आपल्या तोंडून फुटते. तोंडून कमी फुटते हो. कागदातून, मोबाईलमधून आणि भेटायला येणाऱ्या नातेवाईकांतून जास्त फुटते.

रजा कोणती टाकायची

सरकारी किंवा झेडपीच्या नोकरीत असाल तर आपलं पुस्तक म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वर्षाला आठच असतात, त्यात दोन सुट्ट्या जोडून छोटं काम निपटते, मोठं नाही निपटत. खात्यावर अर्जित रजा शिल्लक असेल तर तोच सगळ्यात साफ रस्ता, कारण तिला आजारपणाचं कारण लागतच नाही. "खाजगी कारणास्तव" एवढं लिहिलं की झालं, आणि ते खोटंही नाही, याच्याहून खाजगी काय असते. सर्टिफिकेट नाही, रुजू होताना कामाला फिट असल्याचा डॉक्टरचा दाखला, म्हणजे फिटनेस नाही. फक्त रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, साहेब नाही म्हणू शकतात, म्हणून अर्ज आदल्या दिवशी नेऊन टाकू नका, आधी द्या, आणि तुमचं टेबल कोण सांभाळणार तेही अर्जातच लिहून द्या. ज्या अर्जात कामाची सोय लिहिलेली असते त्यावर साहेब प्रश्न कमी विचारतात, हे मी पाहून पाहून सांगतो.

अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते आणि तीही खाजगी कारणासाठी मिळते, पगार तेवढा अर्धा येतो. तीच मेडिकल सर्टिफिकेटवर परिवर्तित करून घेतली तर पगार पूर्ण, पण खात्यातून दुप्पट दिवस कटतात, म्हणजे १० दिवस घेतले तर २० गेले. आणि यात सर्टिफिकेट आलं, रुजू होताना फिटनेस आली, म्हणजे दोन कागद वाढले. पैशाची तंगी नसेल तर मी म्हणेन अर्जित रजा वापरा आणि मोकळे व्हा.

गुरुजी-मॅडम लोकांचं वेगळं आहे, त्यांच्याकडं अर्जित रजेचा साठा नसतो पण सुट्ट्या असतात. डॉक्टर थांबायला तयार असेल, म्हणजे घाईचा आजार नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत करून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवस जास्त मिळतात हे खरं, पण आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, घामानं टाके ओले राहतात, त्यात लाईट गेली की कूलर बंद आणि मग पट्टीखाली जे खाजवते ते विचारू नका. दिवाळीनंतर थंडी लागते, वरून स्वेटर घातलं की आतला पट्टा, बँडेज काही दिसत नाही. शिवाय कापूस वेचणीचे दिवस असतात, गावातल्या लोकांना दुसऱ्याच्या तब्येतीत डोकवायला वेळ कमी असतो.

तारीख ठरवताना निवडणूक मात्र पाहून घ्या. ड्युटीचा आदेश निघाल्यावर "मला वगळा" म्हणायला गेलं की मेडिकल कागद जोडावे लागतात, ते तहसीलला जातात आणि तिथं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या मास्तर-ग्रामसेवकांसमोर "तुम्हाला काय झालं जी?" असा प्रश्न येते. दहावी-बारावीच्या परीक्षा, मार्चएंड, हेही टाळा. गर्दीच्या दिवसात गायब झालेला माणूस लोकांच्या लक्षात राहते.

सर्टिफिकेट आणि बिल

मेडिकल रजाच टाकायची असेल तर सर्टिफिकेटवर आजाराचा काहीतरी उल्लेख येणारच. इथं दोन टोकं असतात. एक माणूस डॉक्टरनं दिलं तसं "फिश्चुला" (म्हणजे भगंदर) वगैरे लिहिलेलं आणून देते, आणि मग आवक-जावकच्या मॅडम, मी, मोठे बाबू आणि साहेब, एवढ्या चार टेबलांवर ते वाचलं जाते, शिवाय ज्याला इंग्रजी कळलं नाही तो मोबाईलवर पाहून घेते. दुसरा माणूस ओळखीच्या डॉक्टरकडून "कावीळ" नाहीतर "टायफॉईड" लिहून आणते. हे बिलकुल करू नका. खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून डॉक्टरचं रजिस्ट्रेशन जाऊ शकते, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे, आणि तुमच्यावर विभागीय चौकशी लागते ती वेगळी. वरिष्ठांना शंका आली तर ते दुसऱ्या तपासणीसाठी सिव्हिल सर्जनकडं पाठवू शकतात, तिथं टायफॉईड कुठून दाखवणार?

मधला रस्ता असा. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरला सांगा, "साहेब, ऑफिसचे कागद चार हातातून जातात, खरं असेल तेच पण मोघम लिहा." मग "शस्त्रक्रिया झाली आहे, इतके दिवस विश्रांती आवश्यक" किंवा "पोटाची शस्त्रक्रिया" असं येते. पिशवी काढली तरी ती पोटाचीच शस्त्रक्रिया आहे, हर्निया असला तरीही, यात खोटं काही नाही. आणि लेटरहेड पाहा. "अमुक मूळव्याध व भगंदर हॉस्पिटल" असं वर ठळक छापलेलं असेल तर खाली मोघम लिहून काय फायदा! नावातच आजार असलेलं हॉस्पिटल असेल तर सर्टिफिकेट डॉक्टरच्या साध्या पॅडवर, नाव, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबरसकट मिळते का ते विचारून ठेवा. डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स मात्र कोणी मागितल्याशिवाय जोडू नका, लोक उत्साहात सगळी फाईलच जोडून देतात. अर्ज पाकिटात घाला, वरून "गोपनीय" लिहा, साहेबांच्या हातात द्या आणि आमच्यासाठी फक्त रजेचा साधा अर्ज टेबलावर ठेवा.

शिपायाच्या हातून मेडिकल कागद पाठवू नका. शिपाई वाईट असते असं नाही, पण तो ते आवक रजिस्टरवर उघडं ठेवून चहा सांगायला जाते.

प्रतिपूर्तीचं, म्हणजे दवाखान्याचा खर्च सरकारकडून परत घ्यायचं बिल टाकलं की गुपित संपलं असंच समजा. त्याच्यासोबत डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, डॉक्टरच्या सही-शिक्क्याचे फॉर्म, सगळं लागते, ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसातून तपासून येते, परत आमच्याकडं येते, मंजुरीच्या आदेशात नाव आणि आजार छापून येते आणि त्याची प्रत ट्रेझरीला, लेखा विभागाला. मी कितीही तोंड बंद ठेवलं तरी एवढ्या हातातलं कोणीतरी बोलतेच. आता पैसे सोडायचे का हा हिशोब ज्याचा त्यानं करावा. बिल मोठं असेल तर मी तरी सोडणार नाही, लोक दोन महिने बोलतील आणि थकतील. पण पंधरा-वीस हजाराचं काम असेल तर घरचे पैसे लावून गप्प बसणारे मी पाहिले आहेत आणि ते मला शहाणे वाटतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होत असेल (आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे) तर कागद हॉस्पिटल आणि योजनेच्याच मधात राहतात, तुमच्या मालकाकडं किंवा संस्थेकडं जात नाहीत. जिनिंगमध्ये, कृषी केंद्रात, खाजगी शाळेत काम करणाऱ्यांसाठी हे बरं पडते. फक्त आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचे कागद पाहणाऱ्या माणसाचं टेबल दवाखान्याच्या दारातच असते आणि तिथं आपल्याच तालुक्याचे दहा लोक रेशन कार्ड घेऊन उभे असतात, म्हणून बोलताना आवाज खाली ठेवा. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर क्लेमच्या फॉर्ममध्ये ऑफिसचा मेल आणि ऑफिसचा फोन देऊ नका, स्वतःचा द्या.

आणि कोणी माहितीच्या अधिकारात तुमच्या मेडिकल कागदांची प्रत मागितली, ग्रामसेवक-तलाठ्यांच्या बाबतीत राजकारणातून असं होते, तर २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(जे) खाजगी माहितीसाठीच आहे. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं कर्मचाऱ्याच्या सेवेचे कागद ही खाजगी माहिती धरली होती. माहिती अधिकाऱ्याकडं लेखी हरकत देऊन ठेवा, तोंडी नको.

दवाखाना कोणत्या गावचा

जिथं आपला अख्खा तालुका जाते तिथं जाऊ नका, एवढं साधं आहे. वर्ध्याकडचे लोक सेवाग्राम, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांत जातात, पैसेवाले नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत जातात, बाकीचे नागपूरच्याच मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यांत. तिथं कॉरिडॉरमध्ये गावातलं कोणी भेटणार नाही असं होतच नाही, आणि कोणी नाही भेटलं तर गावातलंच एखादं पोट्टं तिथं वॉर्डबॉय नाहीतर लॅबमध्ये असते. तुम्ही ज्या दिशेनं जाता त्याच्या उलट दिशा धरा. नागपूरकडचे असाल तर अमरावती-अकोला पाहा, यवतमाळकडचे असाल तर तुम्हीच ठरवा तुमचे लोक कुठं जातात.

पण यात एक अट आहे आणि ती मोडायची नाही. डॉक्टर चांगला पाहिजे, गुपित त्याच्यानंतर. लपवायच्या नादात रस्त्यावरच्या बोर्डावर "बिना ऑपरेशन, एका दिवसात मूळव्याध मुळासकट" वाल्याकडं जाऊन क्षारसूत्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याच्या नावाखाली काहीतरी भलतंच टोचून घेतलेले लोक नंतर दुप्पट खर्चात पडतात. क्षारसूत्र शिकलेल्या वैद्याकडं चांगलंच होते, टोचणारा कोण आहे ते पाहा. आणि टाके काढायला, ड्रेसिंगला परत जावं लागते, दोनशे किलोमीटर दूर गेलं तर खड्ड्याच्या रस्त्यानं एसटीत बसून परत जायचं आहे हेही धरा.

भरती होतानाच काउंटरवर सांगून ठेवा की नाव बाहेरच्या बोर्डावर लिहू नका, फोनवर कोणी विचारलं तर सांगू नका, आणि फोटो-व्हिडिओ घ्यायचा नाही. हे शेवटचं आता फार झालं आहे, ऑपरेशन झालं की हॉस्पिटलवाले पेशंटला बुके देऊन रील काढतात, खाली "मूळव्याधीपासून मुक्ती" आणि गाणं. डिस्चार्जच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्याची संमतीही असू शकते, सही करण्याआधी पाहा. पेशंटचं गुपित सांभाळणं हे डॉक्टरवर बंधनच आहे, उपकार नाही. गर्भपाताच्या बाबतीत तर कायदा फारच कडक आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाईचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. दवाखानेवाले तरी मागतात, ते ऐकून परत फिरू नका.

रक्ताची गरज, ही सगळ्यात मोठी भानगड

पिशवीच्या नाहीतर मोठ्या ऑपरेशनला रक्त लागू शकते. डॉक्टर म्हणते दोन बाटल्यांची सोय करा, तुमचा भाचा घाबरते आणि मोबाईल काढते. पाच मिनिटांत तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरते: "अर्जंट, बी पॉझिटिव्ह रक्ताची गरज, पेशंटचं नाव अमुक अमुक, हॉस्पिटल तमुक, पिशवीचं ऑपरेशन, संपर्क". मदत करणारे देवमाणसं असतात, लगेच "मी निघालो" म्हणतात, आणि तोच मेसेज फिरत फिरत तुमच्या शाळेच्या स्टाफ ग्रुपवर येते. केंद्रप्रमुख त्याच्याखाली हात जोडलेला इमोजी टाकते. एवढं सगळं होईपर्यंत तुम्ही ऑपरेशन टेबलवर.

याचा उपाय आधीच करायचा असतो. ऑपरेशन ठरलं की हिमोग्लोबिन तपासा, कमी असेल तर डॉक्टरनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या वेळेत घ्या, बहुतेक बायांचं कमीच निघते. रक्तगट आधी काढा आणि दुसऱ्या गावचे दोन-तीन पाहुणे रक्त द्यायला तयार करून ठेवा, ब्लड बँकेत बदली रक्तदाता म्हणून चालतात. आणि सोबत राहणाऱ्याला बजावून सांगा, मेसेज टाकायची वेळ आलीच तर फक्त रक्तगट, ब्लड बँकेचं नाव आणि फोन, पेशंटचं नाव नाही, आजार नाही.

मोबाईलचं बाकी लवकर सांगतो. स्टेटस ठेवू नका, आणि सलाईन लावलेल्या हाताचा फोटो तर नकोच, "गेट वेल सून" पाडायला मागं सगळे टपलेले असतात. लास्ट सीन बंद करा. लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतात, ते ज्या फोनवर पोरं गेम खेळतात त्यावर मागवू नका. हॉस्पिटलचे पैसे ऑफिसातल्या कोणाकडून उधार घेऊन फोनपेनं डायरेक्ट पाठवायला सांगू नका, नाव तिकडं दिसते. स्टाफ ग्रुप सोडून जाऊ नका, म्यूट करा, मधात एखाद्या वाढदिवसाला "हॅपी बर्थडे सर" टाकत राहा, माणूस जिवंत आहे एवढं दिसलं की कोणी फोन लावत नाही.

कोणाला सांगायचंच

सगळ्यांपासून लपवणं हा गाढवपणा आहे. तीन जणांना सांगायचं. घरातलं एक माणूस, जे तुमच्याजवळ राहणार आहे. ऑफिसातलं एक माणूस, पण त्याला आजार सांगायची गरज नाही, फक्त "ऑपरेशन आहे, घरच्यांचा नंबर हा, लागलं तर फोन कर" एवढं. अपडाऊन करणाऱ्यांनी हा माणूस आपल्या गाडीतला घेऊ नये, एका गाडीत रोज दीड तास बसणारे चार लोक एकमेकांपासून काही लपवू शकत नाहीत. गाडीला सांगायचं, "काही दिवस मी नाही, माझी सीट द्या दुसऱ्याला", संपलं.

तिसरा म्हणजे डॉक्टर आणि भूल देणारा, आणि त्यांना मात्र सगळं, काही म्हणजे काही लपवायचं नाही. लोक इथंच चुकतात, बाहेर लपवता लपवता आतही लपवतात. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेली, खाता तर सांगा. बायको बाजूला उभी आहे म्हणून "नाही जी, कधी कधी सुपारी" असं म्हणू नका, वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि बेशुद्ध केल्यावर श्वासाची नळी टाकताना ते जिवावर येऊ शकते. तीन बोटं उभी तोंडात जातात का ते घरीच आरशात पाहा आणि नाही गेली तर भूलवाल्याला आधीच सांगा. सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, नुसतं एएस म्हणजे वाहक असलं तरी, सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, सगळीकडं आपल्याकडं सिकल आहे आणि ऑपरेशनमध्ये थंडी, पाणी कमी होणं, ऑक्सिजन कमी होणं यानं सिकलच्या पेशंटला त्रास उठते. आधी माहीत असलं तर ते सगळं सांभाळता येते. दारू, बीपीची-शुगरची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, कोणत्या इंजेक्शनची रिॲक्शन, गावच्या वैद्याची पुडी, सगळं.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरचा फोन. परत कामावर आल्यावर काही झालं तर ऑफिसातल्यांना तुमचं गुपित नाही, ही चिठ्ठी कामी येईल.

भेटायला येणारे

आपल्याकडं माणूस भरती झाला म्हटलं की लोक गाडी करून येतात, केळं, बिस्किटाचे पुडे, नारळपाणी. प्रेमानंच येतात. पण त्यांना हॉस्पिटलचं नाव सांगितलं की झालं. घरच्यांना एकच वाक्य शिकवून ठेवा आणि सगळ्यांनी तेच म्हणायचं, सासूनं वेगळं आणि पोरानं वेगळं असं नको: "बाबांची तब्येत बरी आहे, नागपूरले नातेवाईकाकडं आराम करून राहिले, आले की भेटतील." लहान पोरांना खोटं शिकवू नका, त्यांना नावच सांगू नका, मग ते काय सांगतील. आणि गावातल्या मेडिकलवरून औषधं आणू नका. मूळव्याधीचं मलम, गरम पाण्यात बसायचा टब, मोठे डायपर, पिशवीच्या ऑपरेशननंतरचा पट्टा, दुकानदार नुसत्या खरेदीवरून ऑपरेशन सांगते. महिन्याभराचं शहरातूनच घेऊन या आणि कॅरीबॅग बदला.

परत आल्यावर

दिवस डॉक्टर ठरवते, पण अंदाज असा. पोट उघडून पिशवी काढली असेल तर सहा आठवडे वजन नाही, दुर्बिणीनं असेल तर लवकर उठता येते पण वजन तेव्हाही नाहीच. हर्नियाला महिना-दीड महिना वजन टाळा. मूळव्याधीला पद्धतीवर आहे, कोणी आठवड्यात येते कोणाला तीन आठवडे लागतात. हायड्रोसिलला चार-सहा दिवसांनी चालता येते पण मोटारसायकल आणि जड काम तीन-चार आठवडे नको, आणि लंगोट-सपोर्टर घाला. पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, बिनटाक्याची असते, दोन दिवस आराम पुरते, म्हणून लपवायला सगळ्यात सोपी, पण तिचा परिणाम लगेच नसतो, तीन महिने दुसरं साधन वापरून नंतर वीर्य तपासून घ्यायचं. हे न करता मध्येच दिवस गेले म्हणजे गुपित राहीलच कसं, वरून बायकोवर संशय घेणारे महाभाग पाहिले आहेत.

पहिला दिवस सोमवारचा नको. गुरुवारी-शुक्रवारी रुजू व्हा, दोन दिवस काढा आणि लगेच सुट्टी. ऑफिसात हवा भरायची गोल उशी घेऊन गेलात तर बोर्ड लावून गेल्यासारखंच आहे. त्यापेक्षा जुनी शाल चौपट घडी करून खुर्चीवर टाका, थंडीत कोणी विचारत नाही, आणि अर्ध्या तासानं फाईल शोधायच्या निमित्तानं उठा. शाळेत खिचडीच्या तांदळाचं पोतं आलं की "सर, हात लावा" म्हणतात, तिथं धडपडू नका, "डॉक्टरनं वजन उचलू नको म्हटलं" एवढं खरं सांगा आणि बाजूला व्हा. नळाच्या बादल्या घरीही कोणी दुसऱ्यानं भरायच्या. जेवणाचा डबा असा ठेवा की पोट साफ राहील, पालेभाजी, ताक, ज्वारीची भाकर, पाणी भरपूर. स्टाफची सावजीवर पार्टी निघाली तर जाऊ नका, एवढ्या तिखटात गुपितही फुटते आणि टाकाही.

खर्रा सोडला तर तेही लोक टिपतात बरं! "काहून जी, खर्रा बंद?" त्याला उत्तर सोपं आहे: "दात दुखून राहिले."

मग येतो तो प्रश्न. "काय झालं होतं जी? लय दिवस दिसले नाही." याला लांब गोष्ट सांगायची नाही. माणूस खोटं रचते तेव्हा तपशील जास्त देते, डॉक्टरचं नाव, रूम नंबर, आणि पंधरा दिवसांनी तेच वेगळं सांगते. छोटं बोला: "होतं थोडं, निपटलं." थांबू नका, त्याच दमात त्याला विचारा, "तुमच्या कपाशीवर बोंडअळी आली म्हणत होते, फवारलं का?" किंवा "सोयाबीन विकलं का ठेवलं?" कपाशीवर बोलायला लागलेला माणूस तुमच्या तब्येतीकडं परत येत नाही, मी शंभर टक्के सांगतो. ज्याच्याकडं शेती नाही त्याला महागाई भत्त्याचं विचारा.

चिवट असतात ते परत विचारतात, "पण नेमकं काय?" तेव्हा तोंडावर हसू ठेवून, "डॉक्टरनं सांगितलं तेच मला पूर्ण समजलं नाही, तुम्हाला काय सांगू." मॅडम लोकांना मॅडम लोक जास्त खोदतात, त्यांना "बायांचं असतेच काही ना काही, झालं आता" म्हटलं की बहुतेक तिथं स्वतःचं सांगायला लागतात आणि तुमचं राहून जाते.

इतकं करूनही फुटलं तर "कोणी सांगितलं?" म्हणून शोधत फिरू नका, तेवढ्यानं जे पाच जणांना माहीत नव्हतं त्यांनाही कळते. "हो, झालं ऑपरेशन, बरं आहे आता" म्हणा, विषय तिथंच गार पडते. थट्टा मात्र हद्दीच्या बाहेर गेली, बाईला पिशवीवरून घाणेरडं बोलले, तर तो २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात बसते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार लेखी द्या. पुरुषाची तक्रार त्या समितीत बसत नाही, त्यानं सरळ साहेबांकडं लेखी द्यावी, आणि कागद आमच्या टेबलावरून फुटला असेल तर आमचंही नाव त्यात घालावं.

एक गोष्ट गुपितापेक्षा मोठी. ताप आला, रक्त थांबेना, लघवी अडली, पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, भुलीचं इंजेक्शन पाठीत दिल्यावर बसलं की डोकं फुटल्यासारखं दुखायला लागलं, तर ऑफिसात असलात तरी तिथल्या तिथं सांगा आणि गाडी मागवा. पुढच्या आठवड्यात लोक काय म्हणतील ते पुढच्या आठवड्यात पाहू.

कागद घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही, त्याची किल्ली तिघांकडं असते. डिस्चार्ज कार्ड, आत जाळी बसवली असेल तर तिचं स्टिकर, आणि काढलेला गोळा तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्ट. हा रिपोर्ट आणायला लोक जात नाहीत, टाके निघाले की संपलं असं वाटते. तो आठ-दहा दिवसांनी येते, फोन करून विचारा, आणून डॉक्टरला दाखवा. कागद हरवले असतील तर हॉस्पिटलला लेखी मागा, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात.